नवीन व्यवसाय सुरू करताना वकिलाची मदत कुठे घ्यायची? फॉर्म, करार आणि खर्चाची संपूर्ण माहिती



आज मोबाईलवर अर्ध्या तासात व्यवसायाचं नाव ठरतं, लोगो बनतो, इन्स्टाग्रामचं पेज सुरू होतं आणि पैसे घ्यायला क्यूआर कोडही मिळतो. मग वकील कशाला हवा? मलाही असंच वाटायचं.

काही वर्षांपूर्वी मी आणि माझे दोन मित्र पुण्यात राहत होतो. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी खूप मुलं राहतात आणि सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: चांगली मेस कुठे आहे? आम्ही मेस शोधून देणारं एक छोटं अ‍ॅप बनवलं. एकाने कोडिंग केलं, एकाने डिझाईन केलं आणि मी सायकलवर फिरून मेसवाल्या काकूंकडून मेनू, दर आणि फोटो गोळा केले. नफ्यातला वाटा आम्ही चहाच्या टपरीवर ठरवला. मला ४० टक्के, कोडिंगवाल्याला ४० आणि डिझाईनवाल्याला २०. लिहून काहीच ठेवलं नाही. "आपल्या आपल्यात कसला कागद?" हे वाक्य तिघांपैकी मीच बोललो होतो.

दीड वर्षाने कोडिंगवाल्या मित्राला बंगळूरमध्ये नोकरी लागली. तेव्हा लक्षात आलं की डोमेन त्याच्या ईमेलवर आहे, प्ले स्टोअरचं डेव्हलपर अकाउंट त्याच्या नावावर आहे, कोड त्याच्या लॅपटॉपमध्ये आहे आणि जाहिरातींचे पैसेही त्याच्याच खात्यात जमा होतात. तो म्हणाला, "कोड मी लिहिलाय, तो माझा आहे." मी चिडून एका वकील मॅडमकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कागद काय आहे?" मी गप्प. मग त्या म्हणाल्या, "मग तुमचा मित्र फारसा चुकीचा बोलत नाहीये."

त्या दिवशी जे कळलं ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या

नवीन व्यवसायात कायद्याची कामं दोन प्रकारची असतात. पहिली म्हणजे सरकारला माहिती देणं. यात नोंदणी, फॉर्म आणि नंबर येतात. यातलं बरंचसं तुम्ही स्वतः मोबाईल किंवा लॅपटॉपवरून करू शकता. दुसरी म्हणजे माणसामाणसांत जे ठरलंय ते पक्कं लिहून ठेवणं. कोणाचा किती वाटा, कोणती वस्तू कोणाच्या नावावर, कोणी सोडून गेलं तर काय.

आपण गडबड काय करतो? पहिल्या कामासाठी एजंटला पैसे देतो आणि दुसरं काम तोंडी उरकतो. खरं तर उलटं करायला हवं. फॉर्मवरचे पैसे वाचवा आणि करारावर खर्च करा.

व्यवसायाचे प्रकार कोणते?

१. एकट्याचा व्यवसाय (प्रोप्रायटरशिप)
यात तुम्ही आणि तुमचा व्यवसाय कायद्याच्या नजरेत एकच. वेगळी कंपनी तयार होत नाही. तुमचाच पॅन चालतो. सुरू करायला सगळ्यात सोपं, पण कर्ज किंवा नुकसान झालं तर जबाबदारीही थेट तुमच्यावर.

२. भागीदारी (पार्टनरशिप)
याला १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा लागू होतो. ही तोंडीसुद्धा असू शकते. म्हणजे कागद केला नाही तरी कायद्याने तुम्ही भागीदार ठरू शकता! आमचं तेच झालं होतं. वाटा किती हे ठरल्याचं सिद्ध करता आलं नाही तर कलम १३ नुसार नफा समान वाटला जातो आणि तोटाही समान. आमचं ४०-४०-२० चहाच्या वाफेबरोबर उडून गेलं होतं. शिवाय फर्मच्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार पूर्ण रकमेला जबाबदार असतो.

फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण कलम ६९ लक्षात ठेवा. नोंदणी नसलेली फर्म करारानुसार येणं असलेल्या पैशांसाठी बाहेरच्या माणसावर दावा लावू शकत नाही. भागीदारालाही करारातला हक्क मागायला फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर दावा करता येत नाही. फर्म बंद करून हिशोब मागणं तेवढं शक्य असतं.

३. एलएलपी
२००८ च्या कायद्याने आलेला प्रकार. किमान दोन भागीदार लागतात आणि साधारणपणे जबाबदारी गुंतवलेल्या रकमेपुरती मर्यादित राहते. नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांत भागीदारांमधला करार सरकारकडे दाखल करावा लागतो. हा करार नेटवरून उचलून चिकटवायचा नाही, पुढे त्यावरच सगळं चालतं.

४. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी
याला २०१३ चा कंपनी कायदा लागू होतो. किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. एकट्यासाठी वन पर्सन कंपनी हा प्रकार आहे. आता किमान भांडवलाची अट नाही. पण इथे एक गोष्ट स्वतः करता येत नाही. कंपनी स्थापन करताना प्रॅक्टिस करणारा वकील, सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा कंपनी सेक्रेटरी यांपैकी एकाचं घोषणापत्र कायद्यानेच लागतं.

कंपनी काढणं सोपं, सांभाळणं महाग. धंदा शून्य झाला तरी दरवर्षी ऑडिट आणि रिटर्न लागतं. वार्षिक हिशोब आणि वार्षिक रिटर्न उशिरा भरले तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा शुल्क पडतं. नुसतं नावापुढे 'प्रा. लि.' छान दिसतं म्हणून कंपनी काढू नका.

वयाचं काय? १८ वर्षं पूर्ण नसतील तर तुम्ही केलेला करार कायद्याने टिकत नाही आणि तुम्ही पूर्ण भागीदार होऊ शकत नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षात असाल तर हे आधी तपासा.

मोबाईलवरून स्वतः करता येणारी कामं

उद्यम नोंदणी: जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. आधार आणि पॅन लागतो. मी मात्र गुगलवर सगळ्यात वर दिसलेल्या एका खाजगी साइटवर १,४९९ रुपये भरून बसलो होतो. साइटवर तिरंगा होता, सिंहाची मुद्रा होती, पण ती सरकारी नव्हती. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का, हे बघितल्याशिवाय आधार नंबर टाकू नका.

उद्यमचा फायदाही मोठा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची नोंदणी असेल, तर माल किंवा सेवा घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. नाही दिले तर तक्रार करता येते.

जीएसटी: नोंदणीला सरकारी फी नाही. महाराष्ट्रात सेवा देत असाल तर वार्षिक २० लाख आणि फक्त वस्तू विकत असाल तर ४० लाख उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण वस्तू दुसऱ्या राज्यात विकायच्या असतील तर बहुतेक वेळा पहिल्या रुपयापासून लागते. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी हे सीएला एकदा विचाराच.

शॉप अ‍ॅक्ट: महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यापासून कमी कामगार असलेल्या आस्थापनांना परवाना घ्यावा लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तिची पावती चालू खाते उघडताना बँकेत उपयोगी पडते.

नाव तपासणं: ट्रेडमार्कचा सरकारी शोध मोफत आहे. बोर्ड रंगवण्याआधी आणि डोमेन घेण्याआधी नाव तिथे टाकून बघा.

एवढ्या कामांसाठी कोणी तुम्हाला 'लीगल पॅकेज' विकत असेल तर आत नेमकं काय आहे ते विचारा. सरकारी शुल्क किती आणि त्यांची फी किती, हे दोन आकडे वेगळे लिहून मागा.

वकिलाची मदत कुठे लागतेच?

१. भागीदारांमधला करार
हा सगळ्यात महत्त्वाचा. तो भांडण झाल्यावर करायचा नसतो, सगळे खूश असताना करायचा असतो. त्यात किमान या गोष्टी हव्यात:

- कोणी किती पैसे घातले आणि कोण किती वेळ देणार
- नफा आणि तोटा कसा वाटायचा
- बँक खात्यावर कोणाकोणाच्या सह्या
- कोणता निर्णय एकट्याने घ्यायचा आणि कोणता सगळ्यांनी मिळून
- डोमेन, अ‍ॅप स्टोअरचं अकाउंट, सोशल मीडियाचे पासवर्ड आणि व्यवसायाचा मोबाईल नंबर कोणाच्या नावावर
- कोणी सोडून गेलं तर त्याच्या वाट्याची किंमत कशी काढायची आणि किती दिवसांत द्यायची
- वाद झाला तर आधी कोणाकडे जायचं

पाचवा मुद्दा जुन्या छापील नमुन्यांत तुम्हाला बहुतेक सापडणार नाही. आजकालच्या छोट्या व्यवसायाची मालमत्ता दुकानात नसते, लॉगिनमध्ये असते. तो मुद्दा वकिलाला तुम्ही स्वतःहून सांगा.

२. कोड, डिझाईन आणि लोगोची मालकी
हे मला सगळ्यात उशिरा कळलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार जो निर्माण करतो तो साधारणपणे पहिला मालक. नोकरीत असलेल्या माणसाने कामाचा भाग म्हणून केलं तर मालक कंपनी. पण फ्रीलान्सरकडून कोड लिहून घेतला आणि पूर्ण पैसे दिले, तरी वेगळा लेखी करार नसेल तर कॉपीराइट त्याच्याकडेच राहू शकतो. पैसे दिल्याची पावती म्हणजे मालकी नाही!

मालकी तुमच्याकडे यायला लेखी आणि सही केलेलं हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ते फक्त ५ वर्षांसाठी धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. दोन ओळी राहिल्या की पाच वर्षांनी तुमचाच लोगो पुन्हा मागायची वेळ. आमच्या बाबतीत हेच होतं. कोड भागीदारीचा आहे हे दाखवायला पुरावा लागला असता आणि तो आमच्याकडे नव्हता.

३. ट्रेडमार्क
कंपनीचं नाव नोंदवलं म्हणजे ब्रँड सुरक्षित झाला, हा मोठा गैरसमज आहे. या दोन वेगळ्या नोंदी आहेत. ट्रेडमार्कसाठी वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत. व्यक्ती, स्टार्टअप किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ९,०००. नोंदणी १० वर्षं टिकते, मग नूतनीकरण. अर्ज स्वतः करता येतो, पण चुकीचा वर्ग निवडला तर पैसे वाया जातात. तिथे वकील किंवा ट्रेडमार्क एजंटचा सल्ला घेतलेला बरा.

४. दुसऱ्याने दिलेला करार
मोठी कंपनी, जागामालक किंवा गुंतवणूकदार पंधरा पानांचा करार पाठवतो आणि म्हणतो, "स्टँडर्ड आहे, सही करून टाका." सही करण्याआधी वकिलाला एकदा वाचायला द्या. नवीन करार बनवून घेण्यापेक्षा आलेला वाचून घ्यायला सहसा कमी खर्च येतो.

नेटवरचा नमुना किंवा एआयने लिहिलेला करार चालेल का?

सुरुवातीला मुद्दे काढायला चालेल, सही करायला नाही. मी एकदा नेटवरून एक करार उतरवला होता. त्यात वाद झाल्यास अमेरिकेतल्या एका राज्याचा कायदा लागू, असं लिहिलेलं होतं. आम्ही राहणार पुण्यात आणि भांडायला जाणार तिकडे?

अशा नमुन्यांमध्ये 'सोडून गेल्यावर दोन वर्षं असाच धंदा करायचा नाही' ही अट हमखास असते. भारतात १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ अशा बंदीला सहसा मान्यता देत नाही. म्हणजे ज्या ओळीवर तुम्ही भरवसा ठेवून बसलात, ती कामाला येईलच असं नाही.

आणखी एक अडचण स्टॅम्पची. करारावर योग्य मुद्रांक शुल्क भरलं नसेल, तर शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो कोर्टात पुरावा म्हणून घेतला जात नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये बऱ्याच कागदांचं किमान शुल्क १०० वरून ५०० रुपये झालं आहे. जुन्या व्हिडिओत 'शंभरचा बाँड घ्या' असं ऐकलं असेल तर ते विसरा. भागीदारीच्या कराराचं शुल्क भांडवलावर अवलंबून असतं, ते वकिलालाच विचारा.

सीए, सीएस की वकील? कोणाकडे जायचं?

- सीए: कर, जीएसटी, हिशोब आणि ऑडिट
- कंपनी सेक्रेटरी: कंपनी किंवा एलएलपीची स्थापना आणि दरवर्षीचे फॉर्म
- वकील: करार, मालकी हक्क, ट्रेडमार्क, नोटीस आणि वाद

एकच माणूस 'सगळं करून देतो' म्हणत असेल तर सावध राहा. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करून काम मिळवायला मनाई आहे. त्यामुळे 'शहरातला नंबर एक वकील' अशी जाहिरात दिसली तर ती बहुतेक एखाद्या मधल्या कंपनीची असते. चांगला वकील ओळखीतून शोधा. तुमच्यासारखाच छोटा व्यवसाय करणाऱ्याला विचारा की त्याचा करार कोणी केला. वकिलाच्या सनदेचा नंबर विचारायला लाजू नका.

पैसे कमी असतील तर?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण: १९८७ च्या कायद्याने महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. महिलांना उत्पन्नाची अट नाही. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे.

टेली-लॉ: २०१७ पासून सुरू असलेली केंद्र सरकारची सेवा. जवळच्या सीएससी केंद्रातून, अ‍ॅपवरून किंवा १४४५४ वर फोन करून वकिलाचा मोफत सल्ला मिळतो. ते तुमचा मोठा करार लिहून देतीलच असं नाही, पण आपण कुठे उभे आहोत हे समजतं. मोबाईलवरून पहिलं पाऊल टाकायचं असेल तर इथून टाका.

स्टार्टअपसाठी योजना: तुमच्या कंपनीला, एलएलपीला किंवा नोंदणीकृत भागीदारीला डीपीआयआयटीची स्टार्टअप मान्यता असेल, तर ट्रेडमार्क आणि पेटंटच्या अर्जासाठी सरकारने नेमलेल्या तज्ज्ञाची फी सरकार देतं. तुम्ही फक्त सरकारी शुल्क भरायचं. एकट्याच्या प्रोप्रायटरशिपला मात्र ही मान्यता मिळत नाही.

लॉ कॉलेज: अनेक लॉ कॉलेजांमध्ये विधी सहाय्य केंद्र असतं. तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी सल्ला देतात.

वकिलाकडे जाताना काय न्यायचं?

वेळ म्हणजे फी. म्हणून तयारी करून जा.

१. व्यवसाय काय आहे हे पाच ओळींत लिहा.
२. कोण कोण आहे, कोणी किती पैसे आणि किती वेळ दिला, याची यादी करा.
३. डोमेन, अकाउंट, सिमकार्ड आणि बँक खातं कोणाच्या नावावर आहे, याचा तक्ता बनवा.
४. आतापर्यंतचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि ईमेल जपून ठेवा, डिलीट करू नका.
५. पहिल्याच भेटीत विचारा: फी किती, त्यात काय काय येतं, दुरुस्त्या किती वेळा करून मिळतील, स्टॅम्पचा खर्च वेगळा का?
६. करार समजत नसेल तर मराठीत समजावून मागा. न समजलेल्या कागदावर सही करू नका.

आणि हो, सगळ्या भागीदारांनी एकत्र जा. एकजण एकटा जाऊन कागद बनवून आला की बाकीच्यांना शंका येणारच.

आमचं पुढे काय झालं?

कोर्टात जाण्याइतके पैसे त्या अ‍ॅपमध्ये नव्हतेच. वकील मॅडमनी दोघांना समोर बसवलं. मी डोमेन आणि नावासाठी सहा हप्त्यांत पैसे द्यायचे, मित्राने ते माझ्या नावावर करायचे आणि कोड त्याच्याकडेच राहायचा, असं ठरलं. नवीन कोड लिहून होईपर्यंत आठ महिने गेले. तोपर्यंत मुलांनी मेस शोधायला दुसरे मार्ग शोधले होते. अ‍ॅप बंद झालं. काही मेसवाल्या काकू त्यानंतरही कितीतरी दिवस फोन करून विचारायच्या, "बाळा, मेनू बदललाय, फोटो कधी काढायला येतोस?"

तो मित्र माझ्या बहिणीच्या लग्नाला आला होता. आम्ही पोटभर गप्पा मारल्या, फक्त अ‍ॅपचा विषय दोघांनीही काढला नाही.

डिझाईनवाल्या मित्राबरोबर मी आता दुसरं काम करतो. सुरू करायच्या आधीच आम्ही त्याच मॅडमकडे जाऊन सहा पानांचा करार केला. सह्या करून बाहेर आलो तेव्हा तो म्हणाला, "हे त्या वेळी केलं असतं तर आज तिघं असतो रे."

तुम्हीही मित्राबरोबर काही सुरू करणार असाल, तर आज संध्याकाळी वर दिलेले सात मुद्दे एका कागदावर लिहा आणि दोघं मिळून वाचा. ज्या मुद्द्यावर दोघंही गप्प बसाल, तो घेऊन वकिलाकडे जा.